कर्जरोखे, भूतारण आणि बीड जिल्ह्यातील विहीर

यंत्रसामग्रीसाठी लागणारे भांडवल कंपनीला अल्प मुदतीच्या कर्जातून उभारता येत नाही. यंत्राची किंमत त्याच्या उत्पन्नातून भरून येण्यास वर्षे लागतात. धनको तितका थांबत नाही. म्हणून कंपनी ऋणपत्रे अथवा कर्जरोखे विक्रीस काढते. रोखेधारक हा भागधारकाप्रमाणे कंपनीचा मालक नव्हे, तर तिचा धनको होय. नफा होवो वा तोटा, ठरलेले व्याज व मुदतीअखेर मुद्दल त्यास मिळालेच पाहिजे. त्याच्या वतीने तारण सांभाळण्याचे काम विश्वस्ताकडे असते.

शेतीतील अडचण याहून निराळी नाही. उत्तरेस गोदावरी आणि अंतर्भागात बालाघाटचे डोंगर असलेल्या बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी-पाटोद्याच्या अवर्षणप्रवण भागात, विहीर हेच शेतकऱ्याचे यंत्र. तिचा खर्च एका हंगामात फिटणे अशक्य. गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालानुसार १९५१-५२ मध्ये देशातील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास होता. उरलेल्या कर्जाचा मोठा भाग सावकारांचा होता.

एकट्या शेतकऱ्यास रोखे काढता येत नाहीत. ही उणीव भूतारण बँकेने भरून काढली. मद्रास इलाख्यात १९२९ मध्ये आणि मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये अशा मध्यवर्ती बँका स्थापन झाल्या. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पुढे या बँका भूविकास बँका म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

त्यांची पद्धती अशी: शेतकरी जमीन गहाण ठेवी, अशी अनेक गहाणखते एकत्र करून त्यांच्या आधारे राज्य बँक रोखे काढी, सहकार निबंधक विश्वस्त असे, मुद्दल व व्याज यांची हमी राज्य शासन घेई. या हमीमुळे आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक यांसारख्या संस्था रोखे घेत. शेतकऱ्यांच्या हप्त्यांतून रोख्यांच्या परतफेडीचा निधी साठवला जाई. अशा रीतीने शहरातील विमेदाराची बचत खेड्यातील विहिरीपर्यंत पोहोचत असे.

तथापि कंपनीचे यंत्र व बीडची विहीर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. यंत्राची उत्पादनक्षमता खरेदीपूर्वी अजमावता येते. काळ्या पाषाणातील पाण्याचा अंदाज मात्र खोदल्यावाचून पुरता येत नाही. पाणी लागले तरी १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी ते टिकेलच असे नाही. रोख्याची मुदत पावसासाठी थांबत नाही. हप्ते थकले की परतफेडीची साखळी तळाशीच तुटते आणि थकबाकीदार बँकेस नवे भांडवल मिळणे कठीण होते. शासनाच्या हमीने रोखेधारकाची जोखीम दूर झाली. पण ती नाहीशी न होता शासकीय तिजोरीवर आणि शेतकऱ्याच्या सात-बारावर राहिली.

ही व्यवस्था अखेर कोसळली व बँक अवसायनात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूविकास बँकेच्या राज्यभरातील ३४,७८८ कर्जदार शेतकऱ्यांचे सुमारे ९६४ कोटी रुपयांचे कर्ज माफ करण्याचा निर्णय घेतला. रोख्यांची पद्धती सदोष होती, असा निष्कर्ष यावरून काढणे अनुचित ठरेल. दीर्घ मुदतीचे भांडवल उभारण्याचा प्रश्न तिने सोडविला होता. अनिश्चित पावसाचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र तिने केवळ पुढे ढकलला.