शिकस्त : हार, शर्थ आणि बुडालेली जमीन

'शिकस्तन' या फारसी क्रियापदाचा अर्थ मोडणे. त्यावरूनच उर्दू-हिंदीत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत मात्र आपण 'प्रयत्नांची शिकस्त' करतो, म्हणजे पराकाष्ठा! अंग मोडेपर्यंत झटणे, अशा वाटेने अर्थ वळला असावा, असे मला वाटते. पानिपताविषयीच्या फारसी मजकुरात मराठ्यांची 'शिकस्त' आढळली, तर ती शर्थ नव्हे, हार समजावी.

बंगालात हा शब्द जमीनमहसुलात शिरला. पद्मा-मेघनेच्या काठी नदीने गिळलेली जमीन 'शिकस्ती', पुन्हा वर आलेली 'पयस्ती'. ती कोणाची? बांगलादेशाने १९७२ मध्ये ती सरकारची ठरवली. १९९४ च्या दुरुस्तीने, तीस वर्षांच्या आत त्याच जागी वर आल्यास, मूळ मालकाचा हक्क पुन्हा मान्य झाला.