चंद्रावरची चाल

चंद्रावर आपले वजन एक-षष्ठांश भरते, हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग तिथं गेलेली माणसं दमली कशी?" पोराने नेमके मर्म हेरले होते!

वाचकहो, या चालीचा अंदाज माणूस तिथे पोचण्याआधीच बांधला गेला होता. चालताना आपला देह टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखा झुलतो. वजन घटले की हा झोका मंदावतो आणि घाई केली की पाय जमिनीवरून सुटतो. म्हणून चंद्रावर भरभर जायचे तर उड्याच माराव्या लागतील, असे मार्गारिया व काव्हान्या या इटालियन शास्त्रज्ञांनी १९६४ सालीच सांगून ठेवले होते. १९६९ च्या जुलैत ऑल्ड्रिनने तिथे कांगारूच्या उड्याही मारून पाहिल्या. पण एकामागून एक पाय टाकत झेपावणेच त्याला सोयीचे वाटले. मात्र थांबायचे तर दोन-तीन पावले आधीच बेत करावा लागे. कारण वजन घटले तरी देहाचे जडत्व घटत नाही.

इथवर सारी गंमतच. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल दुचाकी हातगाडी ओढीत 'कोन' नावाच्या विवराचा काठ गाठायला निघाले. चढ उभा, धूळ भुसभुशीत. आणि हवेने फुगलेल्या पोशाखात प्रत्येक पावलाला गुडघा जोराने वाकवायचा! दूर काय नि जवळ काय, याचाही अदमास लागेना. सत्तेचाळीस वर्षांच्या शेपर्डची नाडी मिनिटाला १५० पर्यंत चढली. पाठीवरचा प्राणवायू मोजका, अंग निववणारे पाणीही मोजकेच. अखेर जवळपासचे दगड गोळा करून दोघे मागे फिरले. पुढे हिशेब झाला, तेव्हा काठ जेमतेम तीस मीटरवर होता! त्याच वर्षी जुलैत निघालेल्या अपोलो १५ ने सोबत विजेरीवर चालणारी गाडी नेली.

मी मुलांना शाळेच्या दारापासून विहिरीपर्यंत तीस मीटर पावलांनी मोजायला लावले. पन्नासएक पावले भरली. "एवढ्यावरून परतले?" कुणीसे हळहळले.

"हो," मी म्हणालो, "परतीच्या वाटेपुरता श्वास राखून मागे फिरणं, हेही चालण्याच्या विद्येतच मोडतं, बाळांनो."