वाफेचा पहारेकरी

1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि अकोला-अमरावतीच्या कापसाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. सरकी काढणारी, रुईच्या गाठी बांधणारी वाफेची यंत्रे वऱ्हाडात आली. जिनांच्या चिमण्या सर्वांना आठवतात. मला मात्र बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अधिक बोलका वाटतो.

देनी पापँने 1680 च्या सुमारास वापरलेल्या व्हॉल्व्हला दांडी व वजन असे. जादा वजन अडकवले की दाब वाढे, काम उरके आणि धोकाही वाढे. म्हणून जॉन रॅम्सबॉटमने 1850 च्या दशकात सहजासहजी छेडछाड न करता येणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह काढला.

पण एवढ्याने भागत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, तरी भट्टी पूर्ण पेटलेली असताना तयार होणारी सगळी वाफ त्यातून निघाली पाहिजे. नाहीतर दाब चढतच राहतो. म्हणजे निवडीच्या कसोट्या दोन : मंजूर दाबाच्या आत उघडणे आणि पुरेशी वाफ सोडणे.

1923 च्या भारतीय बॉयलर कायद्याने नोंदणी व तपासणीचा दाखला सक्तीचा केला. हंगामात दाब वाढवण्याचा मोह कापसाच्या भावाबरोबर चढत असणार, असे माझे अनुमान आहे. पहारेकरी हवा होता तो त्या मोहावर. आज अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रातही कसोट्या त्याच आहेत.