सुईवर भरवसा

तर झालं असं, की एका शनिवारी भल्या सकाळी मित्राचा फोन आला. हा आमचा कॉलेजचा मित्र, गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिकडे जाऊन लोक घर घेतात, या पठ्ठ्याने गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलंय!

"अरे, अल्टिमीटर घ्यायचाय. चीनहून आलेला एक मिळतोय, नावाजलेल्या कंपनीच्या निम्म्या किमतीत. घेऊ का?"

"मला काय विचारतोस? मी कोड लिहितो."

"तू टेस्टिंगवर लोकांची डोकी खातोस ना, म्हणून. शिवाय पहिल्या वर्षी एकट्याने उडवून झालं, की पोरीला शेजारी बसवून न्यायचंय."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि चहा निवला. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांचा वेगळा वर्ग आहे. त्यातलं प्रत्येक यंत्र सरकारी मानकाचं असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणजे निर्णय याचाच, आणि जबाबदारीही याचीच. मग काय, दोन वीकेंड वाचनात गेले.

मुळात माणूस या सुयांवर विसंबायला लागला कधी? सुरुवातीचे वैमानिक डोळ्यांवर आणि अंगाच्या अंदाजावर उडवायचे. ढगात शिरलं की हा अंदाज दगा देतो. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सावकाश घेतलेलं वळण जाणवत नाही. विमान कललेलं असतं आणि वैमानिकाला वाटतं आपण सरळ चाललोय.

यावर उपाय शोधणाऱ्यांपैकी एक होता जिमी डूलिटल. हाच पुढे १९४२ साली टोकियोवरच्या हवाई हल्ल्याचा नेता म्हणून गाजला. पण त्याआधी तो एमआयटीचा डॉक्टरेट मिळवलेला इंजिनिअर होता (आपल्यातलाच म्हणा ना!). त्याला हवा होता बारीक उंची दाखवणारा अल्टिमीटर. आत पातळ पत्र्याची हवा काढलेली डबी, बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, आणि दातेरी चक्रं ती हालचाल सुईपर्यंत पोचवतात. तत्त्व एवढंच. पण समुद्रसपाटीजवळ २७-२८ फूट वर गेलं की दाब बदलतो फक्त एक हेक्टोपास्कल, म्हणजे एकूण दाबाच्या साधारण हजारावा भाग. डबीची ती इवलीशी हालचाल चक्रांच्या घर्षणातच जिरून गेली, तर सुईला कळणार काय?

हे कोडं सोडवलं पॉल कोल्समन या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या माणसाने. नोकरी सोडून १९२८ साली त्याने अगदी तुटपुंज्या भांडवलावर कंपनी काढली. घड्याळासारखी नाजूक चक्रं वापरून त्याने जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी संवेदनशील अल्टिमीटर बनवला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चाचणीच्या वेळी कोल्समन यंत्र मांडीवर घेऊन स्वतः डूलिटलच्या विमानात बसला. आपण लिहिलेला कोड चालणाऱ्या विमानात बसायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर इथे लिहीत नाही :-)

२४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळचं मिचेल फील्ड. डूलिटलच्या कॉकपिटवर कापडी झाकण, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्या सीटवर खबरदारी म्हणून बेन केल्सी. कोल्समनचा अल्टिमीटर, स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो आणि रेडिओ यांच्या भरवशावर डूलिटलने उड्डाण केलं, वळणं घेतली आणि पंधराएक मिनिटांत विमान परत जमिनीवर उतरवलं.

इथपर्यंत वाचल्यावर वाटतं, झालं की! चांगल्या कंपनीचं यंत्र घ्या आणि निर्धास्त व्हा. पण मग मुंबईची गोष्ट आठवते.

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं. हे एअर इंडियाचं पहिलं ७४७. यंत्रं महागडी, प्रमाणित, सगळे कागद चोख. समुद्रावर काळोख, बाहेर क्षितिज नाही. विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं, तरी कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज 'उजवीकडे कललंय' हेच दाखवत राहिलं. कॅप्टनने ते दुरुस्त करायला विमान डावीकडे वळवलं, आणि ते वळतच गेलं. कॉकपिटमध्ये दुसरी यंत्रंही होती. फ्लाइट इंजिनिअरने लक्ष वेधण्याचा प्रयत्नही केला, पण वेळच उरला नव्हता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. बाकीच्या यंत्रांच्या आधारे विमान सावरता आलं नाही, हे चौकशीत ठळकपणे नोंदलं गेलं.

बँडस्टँडला समुद्राकडे बघत आपण कितीदा भजी खाल्ली असतील. मला हे ठिकाण इतकं जवळ आहे याची कल्पनाच नव्हती.

म्हणजे महाग यंत्रही बंद पडतं. मग प्रमाणपत्राचे जास्तीचे पैसे कशाचे? माझ्या मते ते 'हे यंत्र बिघडणार नाही' या हमीचे नाहीतच. ते आहेत 'प्रत्येक नग सारखा बनतो आणि तपासून बाहेर पडतो' या शिस्तीचे. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज प्रोसेसचे. स्वस्त नग उत्तमही असू शकतो, फक्त ते सिद्ध करायचं काम गिऱ्हाइकावर येतं.

आणि ते सिद्ध करता येतं! अमेरिकेत केवळ यंत्रांच्या आधारे उडायचं असेल तर अल्टिमीटर दर २४ महिन्यांनी तपासावा लागतो, आणि त्या तपासणीचे आकडे नियमांत छापलेले आहेत. समुद्रसपाटीला २० फुटांपर्यंत चूक चालते, १०,००० फुटांवर ८०, तर २०,००० फुटांवर १३०. पण खरी गंमत पुढच्या चाचण्यांत आहे. वर नेऊन परत खाली आणल्यावर सुई तेच आकडे दाखवते का? पेटी गळते का? घर्षण किती? यंत्राला थरथरवलं की सुई किती उडी मारते ते बघतात. १,००० फुटांना ७० फुटांपर्यंत माफ. इंजिनाच्या थरथरीमुळे अडकलेली सुई सुटते, म्हणून इंजिन नसलेल्या ग्लायडरमध्ये काही जण मुद्दाम व्हायब्रेटर बसवतात.

मी मित्राला इतकंच सांगितलं, "घे, पण थेट बसवू नको. आधी तपासणीच्या वर्कशॉपमध्ये दे. दाबाची खिडकी तुमच्याकडच्या इंचांत आहे ना तेही बघ. तिकडे हेक्टोपास्कल चालत नाहीत."

त्याने दोन नग मागवले. एकच डबा, एकच लेबल. एकाने सगळ्या चाचण्या पार केल्या. दुसऱ्याचे आकडे बरोबर होते, पण सुई अडखळत होती. थरथरवलं की शंभराच्या वर फूट उडी. टेबलावर ठेवून बघितला असता तर दोन्ही अगदी जुळे भाऊ!

दुसरा परत गेला. पहिला बसवला, आणि शेजारी जीपीएसवरची उंचीही दिसेल अशी सोय केली. दोन्ही उंच्या तंतोतंत जुळणार नाहीत, कारण एक हवेच्या दाबावरून मोजते आणि दुसरी उपग्रहांवरून. पण फरक अचानक वाढला तर तो नजरेला येईल. वर्कशॉपचं बिल धरून बचत जवळजवळ शून्य, असं तो कुरकुरत होता.

"मग महागडाच घ्यायला हवा होता का?" त्याने विचारलं.

"तोही तपासूनच बसवला असतास ना?" मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पोरगी विचारतेय, बाबा, ही सुई खरं सांगते कशावरून? तिला तो तपासणीचा कागद दाखवला."

असो. सोमवारी माझा रिलीज आहे. मी आज परत एकदा टेस्ट चालवून बघणार आहे.