तारेची झणझण : दोष कीं प्राण?

तारेच्या वाद्यांतून मूळ स्वराबरोबर जो बारीक झणझणाट उठतो, त्याला आपण कोणत्या नांवानें ओळखतों यावरून आपण कोणत्या परंपरेंत वाढलों हें कळून येतें. गिटार वाजविणारा त्याला दोष समजतो आणि तो काढून टाकण्यासाठीं वाद्य कारागिराकडे नेतो. तंबोऱ्याच्या साथीनें गाणारा गवई त्यालाच जवारी म्हणतो, आणि ती बसली तर वाद्य मुकें झालें म्हणून त्याच कारागिराकडे धांव घेतो. या एका कंपाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

घोडनदीकांठचें शिरूर आणि भीमेकांठचें दौंड या आमच्या दोन तालुक्यांचें नांव संगीतशास्त्राच्या ग्रंथांतून सहसा आढळत नाहीं. तथापि तारेची ओळख येथें नवी नाहीं. गोंधळ्याचें तुणतुणें एका तारेवर सारी रात्र काढतें. १६८५ मध्यें तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी सुरूं केलेला पालखी सोहळा पंढरीस जातांना यवत व वरवंड येथें मुक्काम करतो, आणि प्रत्येक दिंडींत विणेकऱ्याच्या गळ्यांत वीणा असते. गांवोगांवच्या अखंड हरिनाम सप्ताहांत तर ही वीणा सात दिवस जमिनीस टेकवावयाची नाहीं असा दंडक आहे. पहारा बदलतो तशी ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. मध्येंच तार कर्कश बोलूं लागली, तर स्वस्थपणें दुरुस्तीस बसण्याची सोय नसते. म्हणून जाणता विणेकरी सप्ताह बसण्यापूर्वींच खुंट्या, तारा आणि घोडी पाहून घेतो.

ही झणझण उत्पन्न कशी होते? गिटारची तार घोडीवर एका नेमक्या कडेवर टेकते आणि तेथून पुढें मोकळी कंप पावते. तंबोऱ्याची घोडी याच्या उलट असते. ती रुंद असते व तिची पाठ वरवर सपाट भासली तरी किंचित् उतरती, कांसवाच्या पाठीसारखी असते. कंप पावणारी तार त्या उतारास स्पर्श करते, सुटते, पुन्हा स्पर्श करते. या स्पर्शामुळें मूळ स्वराच्या पोटांतील उपस्वर एकामागून एक उजळत जातात. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवून गवई हा स्पर्श हवा तितकाच ठेवतो. धागा केसभर पुढें-मागें झाला, कीं आवाज उघडतो किंवा मिटतो. कारागीर खुली जवारी आणि बंद जवारी म्हणतात ती हीच.

ही युक्ति अर्वाचीन नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत एकतंत्री वीणेचें वर्णन आहे. या वीणेस नांवाप्रमाणें एकच तंतु आणि पडदे मुळींच नाहींत. वादक डाव्या हातांत कम्रिका नांवाचा वेळूचा तुकडा धरून तो तंतूवर सरकवीत असे आणि त्यायोगें स्वर काढीत असे. शिवाय घोडीवरील धातूची पट्टी आणि तंतु यांच्यामध्यें वेळूची एक बारीक चीप बसवीत. तिला जीवा म्हणत. स्वर सरकवून काढणें आणि झणझण आपल्या इच्छेनुसार राखणें, या दोन्ही विद्या महाराष्ट्राच्या भूमींत एकाच वाद्यावर सातशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एकत्र नांदत होत्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मधलीं कित्येक शतकें ओलांडून आतां मिरजेस येऊं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें तेथें फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे तलवारीस धार देणारा. शस्त्रांचा काळ ओसरला, तेव्हां कानस चालविण्याचें तेंच कसब घोडीच्या पाठीकडे वळलें. पुढें उस्ताद अब्दुल करीमखां मिरजेस येऊन राहिले. तंबोरा जुळविण्याच्या बाबतींत त्यांचा कान किती चोखंदळ होता याची आठवण जाणकार आजहि काढतात. मिरजेच्या तंबोऱ्यास लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या आसपास भीमेच्या खोऱ्यांत पिकतात. दौंडावरून वाहत गेलेलें पाणी असें मैफलीपर्यंत पोंचतें! २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

शास्त्रज्ञांचें लक्ष या घोडीकडे वेधलें तें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यामुळें. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर ऐकूं येऊं नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. १९२१ मध्यें भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधांत रामन यांनी दाखवून दिलें, कीं तंबोऱ्यांत हे वर्ज्य उपस्वरहि स्पष्ट उमटतात, आणि याचें कारण त्या घोडीच्या रचनेंत व धाग्यांत आहे. अक्षरओळख नसलेल्या कारागिरानेंहि बोटांनी जें साधलें होतें, त्याला शास्त्राची साक्ष मिळाली.

आतां दुसरी बाजू. हवाई बेटांवर १८७४ मध्यें जन्मलेल्या जोसेफ केकुकू यानें गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांब सरकविण्याची रीति रूढ केली. ही स्टील गिटार पुढें भारतांतहि रुळली. व्हॅन शिप्ले यांनी ती मुंबईच्या चित्रपटसंगीतांत लोकप्रिय केली, तर ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजविले. पंडित शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेली त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका आजहि ऐकली जाते. अमेरिकेंत या वाद्यास पाय आणि गुडघे यांनी चालविण्याच्या कळी जोडल्या गेल्या, आणि १९५० नंतरच्या दशकांत पेडल स्टील गिटार तेथील ग्रामीण ढंगाच्या संगीतांत स्थिरावली. तींत पेडल दाबतांच सळ्या ओढल्या जातात, घोडीचा हलता भाग वळतो आणि तारेचा स्वर चढतो किंवा उतरतो.

या वाद्यांत झणझण शिरली तर ती निःसंशय दोष होय. ती शोधण्याची रीति मात्र तर्कशुद्ध आहे. प्रथम तार मोकळी छेडावी, मग कांब ठेवून छेडावी. झणझण मोकळ्या तारेवरच असेल, तर दोष खुंट्यांकडील टेकूंत किंवा तेथील फिरत्या चाकांत आहे, कारण कांब ठेवतांच तो भाग कंपाबाहेर जातो. दोन्ही वेळीं असेल, तर घोडीकडे पाहावें. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें तेथें तारेची चरी पडते आणि तार त्या चरींत फडफडते. अतिशय बारीक कागदानें चरी घासून पुन्हा गुळगुळीत केली, कीं आवाज स्वच्छ होतो. केवळ कांब ठेवल्यावरच झणझण येत असेल, तर हात हलका पडतो आहे, अथवा कांबेमागील तारा बोटांनी दाबलेल्या नाहींत. एखाद्याच स्वराला झणझण उठत असेल, तर बहुधा कोठें तरी सैल स्क्रू किंवा सळई त्या स्वरास साद देत असते. एकेका भागावर बोट टेकवून पाहिलें, कीं चोर सांपडतो. आणि या साऱ्याच्या आधीं जुनी, गंजलेली तार बदलून पाहावी.

श्रोतेहो, येथेंच सावध राहिलें पाहिजे. गिटारीस जी दुरुस्ती तारक, तीच तंबोऱ्यास मारक ठरते. घराच्या कोपऱ्यांतील आजोबांचा तंबोरा किंवा देवळांतील जुनी वीणा झणझणते म्हणून कोणी चांगल्या हेतूनें घोडीची पाठ घासून तिला कड काढली, तर कित्येक वर्षांच्या वादनानें व जोपासनेनें बसलेला तो उतार एका दुपारींत नाहींसा होतो. घासलेलें हाड पुन्हा भरून येत नाहीं. नवी घोडी बसवितां येते, पण तिला बोलकी करणारा हात मिळाला पाहिजे. आणि विजेवरील तंबोऱ्याचें यंत्र घरोघर आल्यापासून अशा हातांना पूर्वीसारखें काम उरलेलें नाहीं. जवारी काढण्याची विद्या पुस्तकांत मावत नाहीं. ती गुरूच्या शेजारीं बसून, कानानें व बोटानें शिकावी लागते. शिकविण्यास कामच नसेल, तर शिष्य येणार कोठून?

म्हणून एवढेंच सुचवितों. आपल्या घरीं तारेचें वाद्य असेल, तर तें वर्षांतून एकदां तरी जाणत्या कारागिरास दाखवावें. तें झणझणूं लागलें, तर कानस उचलण्यापूर्वीं प्रथम विचारावें : हा आवाज या वाद्याच्या घडणीचा आहे, कीं त्यांत बाहेरून शिरला आहे? बाहेरचा असेल, तर खुशाल काढावा. घडणीचा असेल, तर सुताचा एक धागा थोडा सरकवून पाहावा, आणि वाद्य आपल्या कारागिराच्या हवालीं करावें.