जोडलेलं, तरी न दिसणारं

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी लिनक्स वापरणाऱ्याची अडचण दुहेरी होते. वायफायचा डोंगल चालत नाही, कारण ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर उतरवायचा तर नेट हवं, आणि नेट यायचं ते त्याच डोंगलमधून. हा पेच यूएसबी डोंगलच्याही आधीचा आहे.

नेट दुर्मीळ होतं तेव्हा भारतात लिनक्स पसरलं ते मासिकाच्या सीडीवरून. मार्च १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ने अंकासोबत स्लॅकवेअर दिलं. त्यामागे होते बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले अतुल चिटणीस. व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं होतं, पण मोजक्या मोठ्या शहरांत. सीडी मात्र टपालाने खेड्यातही पोचे. पुढे २००५ ते २०११ उबुंटूच्या सीडीही अशाच घरपोच आणि फुकट मिळत.

त्या काळचे बाहेरून जोडायचे मोडेम लिनक्सवर विनातक्रार चालत. मग स्वस्त ‘विनमोडेम’ आले. मोडेमचं बरंचसं काम त्यांनी विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर टाकलं होतं, त्यामुळे लिनक्सपुढे ते मुके झाले. इथूनच खरी कुचंबणा सुरू झाली: वस्तू विकत घेतली, पण तिच्याशी बोलायची भाषा कंपनीने स्वतःकडेच ठेवली.

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, यूएसबीला नीट आधार दिला, तरी वायफाय चिपची माहिती बहुतेक उत्पादक देत नसत. २००३ मध्ये काहींनी ‘एनडिसरॅपर’ लिहून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवला. जुगाडच तो, पण कित्येकांचं नेट त्यानेच सुरू झालं.

मग आले मोबाइल कंपन्यांचे डोंगल. कुणी त्यांना डाटा कार्ड म्हणे, कुणी नेटसेटर. त्यांनी वेगळाच घोळ घातला. विंडोजवाल्याला ड्रायव्हरची वेगळी सीडी लागू नये म्हणून डोंगल आधी स्वतःच सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवायचा आणि ड्रायव्हर बसल्यावर मोडेम व्हायचा. लिनक्सला दिसायची ती फक्त सीडी. डोंगलला रूप पालटायला लावणारा ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम योझुआ डीट्झे यांनी लिहिला आणि कोणत्या डोंगलला कोणता संदेश द्यायचा याची यादी जगभरच्या वापरकर्त्यांनी भरली. या कामाची थोरवी सांगावी तितकी थोडी.

सीडीचं ते सोंग अजून संपलेलं नाही. रिअलटेकच्या काही वायफाय डोंगलचा क्रमांक ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या यादीत सुरुवातीला ‘१ए२बी’ दिसतो. ती सीडी ‘इजेक्ट’ केली की ८८११सीयू चिपचा डोंगल ‘सी८११’ या खऱ्या क्रमांकाने पुढे येतो. तरीही नेट येईलच असं नाही, कारण या चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला तो २०२३ च्या ६.२ आवृत्तीत. त्याआधीच्या कर्नलवर तो बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि कर्नल बदललं की बहुधा पुन्हा.

ड्रायव्हर आणायला नेट कुठून आणायचं, याचं उत्तर २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये आलं. फोन केबलने जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्स बहुतेक वेळा त्याला लगेच ओळखतं, आणि राळेगावात बसूनच ड्रायव्हर उतरवता येतो.