आधी घाट, मग गाडी

भाऊबीज आटोपली की पाहुणे सरतात आणि चकल्या उरतात. अशा वेळी घरात बसवत नाही. गेल्या दिवाळीत मी मंडळींना म्हटले, "चला, खंडाळ्याला जाऊ. पण १८५८ सालच्या उतारूंसारखे!" सौ.ने कपाळाला हात लावला. आई मात्र लगेच तयार झाली. तिला शिंग्रोबाला नाणे टाकायचे होते.

१८५८ चा उतारू म्हणजे काय, ते सांगायला हवे. मुंबईकडची आगगाडी मे १८५६ मध्ये खोपोलीला पोचली, आणि वरचा खंडाळा-पुणे रस्ता जून १८५८ मध्ये खुला झाला. मध्ये उभा बोरघाट! तेव्हा खोपोलीला उतरावे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढावा आणि वर पुन्हा आगगाडीत बसावे, असा पाच वर्षे प्रघात होता. आम्ही खोपोली लोकलने गेलो आणि पालखीऐवजी एस.टी. केली. सौ.चा राग तिथेच निवळला.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आले. आईने बटव्यातून नाणे काढून खिडकीतून टाकले.

"आजी, हा कोण गं?" धाकटीने विचारले.

"धनगर होता बाई. साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती ह्याने दाखवली. बक्षीस काय हवे विचारले, तर म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. म्हणून गोळी घातली त्याला."

ही लोककथा आहे. तिला इतिहासाच्या कसोटीवर घासू नये, असे माझे मत.

पुढे ते वळण आले, जिथे अमृतांजन पूल होता. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला; आई अजूनही तिथे मान वर करते.

राजमाची बागेत आम्ही डबे उघडले. समोर श्रीवर्धन आणि मनरंजन, खाली दरी, आणि दरीच्या कडेने कोरलेला लोहमार्ग. चकल्यांवर माकडांचा डोळा होता, तरी मी सांगू लागलो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने १८५६ च्या जानेवारीत हा घाट फोडायला घेतला आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये गाडी वर आली. सुमारे पंधरा मैलांत पंचवीस बोगदे, आणि चढ सदतीस फुटांना एक फूट. जिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती, तिथे माणसे दोराने कड्यावरून सोडत. लोंबकळत ती सुरुंगाची भोके पाडत. १८६१ मध्ये बेचाळीस हजार मजूर खपत होते. गाडी वळवायलाही जागा नव्हती. मधल्या एका स्टेशनात एंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावीत आणि शेपूट पुढे करून उरलेला घाट चढत. हा खटाटोप १९२९ पर्यंत चालला.

पहिला कंत्राटदार फेव्हिएल. त्याच्या कामावर मजुरी थकली, म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजूर खवळून उठले. पुढे काम सॉलोमन ट्रेडवेलकडे गेले. तो त्याच वर्षअखेर, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, दोन जाणकार माणसे हाताशी धरून कंत्राट तडीस नेले.

"शाबास बाई!" सौ. म्हणाली. इतक्या वेळात तिने प्रथमच इतिहासाकडे लक्ष दिले.

"आणि दोराने लटकणारे?" धाकटी म्हणाली. "त्यांची नावे?"

मला उत्तर देता येईना. पटकी, हिवताप, सुरुंग, कोसळणाऱ्या दरडी यांत वीस हजारांहून अधिक मेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुख्य एंजिनिअर बर्कले, तो फेव्हिएल, ती ॲलिस, सगळ्यांची नावे मला तोंडपाठ होती. मजुराचे एकही नाव मला सांगता येत नव्हते. मी चकली पुढे केली. तिने घेतली नाही.

संध्याकाळी लोणावळ्याहून परतीची गाडी धरली. १८६३ नंतरच्या उतारूंसारखे, ऐटीत! मंकी हिलला गाडी थांबली. उतारावर ब्रेक तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही. बोगद्यांमागून बोगदे येऊ लागले. थोरला बोटांवर मोजत होता.

धाकटी आजीला खेटून बसली होती. "आजी, अजून नाणी आहेत?"

आईने बटवा उलटा केला. तीन निघाली.

"एवढ्यांना पुरणार नाहीत," धाकटी म्हणाली, आणि पुढच्या बोगद्याच्या तोंडाशी एक नाणे खिडकीच्या गजांतून बाहेर टाकले.